ब्लॉकचेनची टूल्स फुकट आहेत, शिकवायला मात्र कोणी नाही

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी येते, की कोणाला तरी टेलिग्रामवर ग्रुपमध्ये घेतलं, क्रिप्टोत पैसे दुप्पट होतील म्हणून सांगितलं आणि आयुष्यभराची पुंजी गेली. अशा बातम्या छापायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याचा एक परिणाम असा झालाय की आमच्या घराघरात ब्लॉकचेन हा शब्द निघाला की लोक दचकतात. माझ्या सख्ख्या बहिणीने तिच्या मुलाला सांगून टाकलं होतं, बाबा काहीही शिक पण त्या ब्लॉकचेनच्या नादाला लागू नको. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी गेली 14 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावातून घरी बसून काम करतो, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं तर याच विषयात गेली, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण मुद्दा तेवढा छापा.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली, मागची नोंद गुपचूप बदलता न येणारी हिशेबाची वही. पहिली गोष्ट म्हणजे तिच्यावरचे कॉइन घेणं-विकणं वेगळं आणि त्याच्या खालचं सॉफ्टवेअर लिहिणं वेगळं. कॉइनवर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के टॅक्स आहे, जुलैपासून 1 टक्का टीडीएस लागला, कोणाला घ्यायचं त्याने समजून उमजून घ्यावं, त्यावर मी बोलत नाही. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर बिटकॉइनचा कोड 2009 च्या जानेवारीपासून सगळ्या जगासमोर उघडा आहे, एमआयटी लायसन्सवर, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा. वाळपईच्या एखाद्या पोराला वाटलं तर तो आत्ता मोबाइलवर उघडून ओळ न् ओळ वाचू शकतो, कोणाची परवानगी नको, एक पैसा नको. इथेरियमचंही तेच, 2015 मध्ये नेटवर्क सुरू झालं तेव्हापासून त्याची भाषा सॉलिडिटी, तिचा कोड मशीनला कळेल असा करणारा कंपायलर, नोड म्हणजे नेटवर्कमधला आपला कॉम्प्युटर चालवायचं गेथ नावाचं सॉफ्टवेअर, सगळं उघडं. इतकं सगळं उघड्यावर असताना आमची मुलं पैसे भरून चुकीचं शिकतायत, हे मला सहन होत नाही.

चुकीचं म्हणजे कसं ते सांगतो. भाच्याने आईला न विचारता, साठवलेले आणि आजीकडून घेतलेले मिळून 35 हजार रुपये भरून 2024 मध्ये एका क्लासला नाव घातलं. क्लासचं नाव घेत नाही, असे बरेच आहेत. सर्टिफिकेट मिळालं, फ्रेम करून भिंतीला लावलं. माझ्याकडे आला तेव्हा लॅपटॉप उघडून दाखवतोय, मामा हे बघ ट्रफल, हे बघ गनाश. मी बघतच राहिलो. ट्रफल आणि गनाश ही ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्राम (त्यांना काँट्रॅक्ट म्हणतात) लिहायची आणि तपासायची एकेकाळची चांगली टूल्स, मी स्वतः त्यांच्यावरच शिकलो, पण कन्सेन्सिस कंपनीने सप्टेंबर 2023 मध्येच जाहीर केलं होतं की आम्ही हे बंद करतोय, आणि त्याच वर्षी 20 डिसेंबरला दोन्हींचा कोड अर्काइव्ह करून टाकला. म्हणजे नवीन दुरुस्ती नाही, सुरक्षेचं अपडेट नाही, आणि हे लोक त्याच्यानंतर त्याच जुन्या स्लाइड दाखवून पोरांकडून 35 हजार घेतायत. टेस्टनेट, म्हणजे खोट्या पैशांवर सराव करायचं नेटवर्क, तेपण त्याला बंद पडलेलंच शिकवलेलं. पोराला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून कनेक्ट होत नाही, दोन महिने तो स्वतःला दोष देत बसला, आणि क्लासवाले म्हणाले इंटरनेट तपासून बघ.

आता यात वाईट वाटून घेण्यासारखं आहे तसं शिकण्यासारखंही आहे. टूल बंद पडतं. 2025 च्या मार्चमध्ये वेबसाइट इथेरियमला जोडणाऱ्या वेबथ्री डॉट जेएस या लायब्ररीचं (तयार कोडचं) काम थांबलं, जिच्यावर अर्ध्या जगाचे पहिले प्रोजेक्ट झाले होते. पण कोड उघडा असल्यामुळे कोणाचा प्रोजेक्ट कुलपात अडकला नाही, ज्याला हवं त्याने कॉपी काढून पुढे चालवावं, नाहीतर दुसऱ्या टूलवर जावं. बंद सॉफ्टवेअर विकत घेतलेल्याला ही सोय नसते, कंपनी गेली की सगळं गेलं. म्हणून मी भाच्याला म्हटलं, टूलचं नाव पाठ करू नको, टूल आत काय करतं ते बघ.

चवथीला बहीण सहकुटुंब आमच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माटोळीखाली पोरं झोपलेली, बाहेर पाऊस धो धो, आणि लायट गेली. इंटरनेट गेलं. भाच्याच्या लॅपटॉपला बॅटरी होती, म्हटलं बस इथे. फाउंड्री हे काँट्रॅक्ट लिहून तपासायचं टूल मी त्याला आदल्या दिवशीच घालून दिलं होतं, ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, पॅराडाइम कंपनीने सुरू केलं, लायसन्स एमआयटी आणि अपाची, दोन्हींतलं हवं ते घ्या. कंपायलर एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. फाउंड्रीतलाच ॲन्व्हिल एवढा एक शब्द टाइप करून एंटर मारला आणि त्याच्या मशीनवर सरावाची अख्खी इथेरियमसारखी चेन उभी राहिली, 8545 पोर्टवर, 10 खाती, प्रत्येकात 10 हजार खोटे ईथर (ईथर म्हणजे इथेरियमचं नाणं). काळोखात तेवढा एक स्क्रीन चमकतोय आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा झालेला. त्याच्या क्लासमध्ये फॉसेटवर, म्हणजे खोटे ईथर वाटणाऱ्या साइटवर, जाऊन ते मागायला लावायचे, काही फॉसेट तर आधी खरे ईथर आहेत का बघतात, मगच देतात.

मग त्याला म्हटलं, आपल्या भजनी मंडळाच्या वर्गणीच्या पेटीचा काँट्रॅक्ट लिही. सभासदाने वर्गणी टाकायची, हवी तेव्हा आपली आपण काढून घ्यायची, बस. त्याने अर्ध्या तासात लिहिलं, चांगलं लिहिलं. काढायच्या फंक्शनमध्ये त्याने आधी पैसे पाठवले आणि त्याच्या खालच्या ओळीत त्या सभासदाची शिल्लक शून्य केली. वाचायला एकदम बरोबर वाटतं. मी विचारलं, खजिनदाराने नोटा आधी हातात दिल्या आणि वही नंतर उघडली, तर मधल्या वेळात त्या माणसाने परत हात पुढे केला तर? तो म्हणाला असं कसं होईल मामा, ओळी एकामागून एकच चालतात ना. बरोबर आहे, पण पैसे घेणारा माणूसच असेल असं नाही, तो दुसरा एक काँट्रॅक्ट असू शकतो, आणि पैसे पोचल्याबरोबर त्याचा कोड चालतो, आणि त्या कोडमध्ये लिहिलेलं असतं की परत काढ. वहीत अजून शिल्लक दिसतेच आहे, पेटी परत देते. तो कोड परत चालतो, परत मागतो.

लिहून बघ म्हटलं. नऊ खात्यांतून एक एक ईथर पेटीत टाकला, दहाव्या खात्याने हल्लेखोर काँट्रॅक्ट चढवला आणि स्वतःचा एक ईथर टाकला, आणि काढायला सांगितलं. पेटी शून्य, त्याच्याकडे दहा. ट्रेस, म्हणजे कोणी कोणाला कॉल केला त्याची नोंद, उघडून दाखवला तेव्हा स्क्रीनवर एकात एक, एकात एक असे कॉल उजवीकडे सरकत गेलेले, देवळाच्या तळीच्या पायऱ्या खाली खाली जातात ना तसे, आणि मग सगळे उलट वर आलेले. बहीण मेणबत्ती आणि नेवऱ्यांची ताटली घेऊन आली, तिला पोराने स्वतःच समजावलं, आई हे बघ मंडळाचे पैसे कसे गेले. तिला कळलं. कोड कळला नाही पण वही आधी आणि पैसे नंतर हे कळलं, कारण देवळातली पावणी (लिलाव) आणि जमाखर्च बघत आम्ही सगळे मोठे झालोय, वार्षिक सभेत हिशेब मोठ्याने वाचून दाखवतात आणि कोणीही उभं राहून विचारू शकतो. मग पोराने ती एक ओळ वर नेली, शिल्लक आधी शून्य, पैसे नंतर, परत चालवलं आणि हल्लेखोराला काहीच मिळालं नाही. एका ओळीची जागा बदलली, बाकी काही नाही.

मग त्याला सांगितलं की ही चूक मी तुला घालून दिलेला धडा नाही, ही खरी झालेली आहे. 17 जून 2016 ला द डाओ नावाच्या काँट्रॅक्टमधून सुमारे 36 लाख ईथर याच प्रकाराने काढले गेले, आणि ते परत फिरवायला अख्ख्या इथेरियमला जुलैमध्ये फाटा फोडावा लागला, ज्यांना पटलं नाही ते इथेरियम क्लासिक म्हणून वेगळे राहिले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 2017 मध्ये, पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग वॉलेटच्या (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या पाकिटाच्या) सामायिक लायब्ररीचा कोणी मालकच ठरवलेला नव्हता, एकाने येऊन मालकी घेतली आणि ती लायब्ररी नष्ट करून टाकली, त्यात 5 लाखांच्या वर ईथर कायमचे अडकले, आजपर्यंत. चोरलेले नाहीत, नुसते अडकलेले. चेनवर एकदा चढवलं की खोडरबर नाही, म्हणून इथे टेस्टिंग बाकी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त लागतं, आणि नेमकं तेच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आणि टेस्टिंगची साधनं तर पडलेली आहेत हो. स्लिदर नावाचं टूल आहे, ट्रेल ऑफ बिट्सने केलेलं, पायथॉनमध्ये, त्याच पेटीच्या फाइलवर चालवलं तर काही सेकंदांत सांगतं की या फंक्शनमध्ये पैसे आधी जातायत, बघ. फाउंड्रीत फझ टेस्ट लिहिली की ती आपण काही न सांगता 256 वेगवेगळे आकडे टाकून बघते, आपल्याला सुचणार नाहीत असे. ओपनझेपलिनची काँट्रॅक्टची लायब्ररी आहे, टोकनचे नियम, कोणाला काय करायची परवानगी, पेटीला परत हात घालू न देणारी कडी, सगळं तयार, जगभरच्या लोकांनी तपासलेलं. जावास्क्रिप्ट येत असेल तर फाउंड्रीसारखंच हार्डहॅट घ्या. लॅपटॉप जुना असेल, नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नसतील, तर रीमिक्स नुसतं ब्राउझरमध्ये चालतं. आणि ज्याला कॉइन नावाचा प्रकारच नको त्याच्यासाठी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली हायपरलेजर फॅब्रिक आहे, त्यात गो, जावा, जावास्क्रिप्ट यात लिहिता येतं आणि नेटवर्कमध्ये कोण असेल ते आधी ठरवलेलं असतं. यातल्या कशालाही 35 हजार लागत नाहीत.

पण एक सावध करतो, आणि हे पालकांनीही वाचावं. उघडं म्हणजे डोळे मिटून घ्यावं असं नव्हे. ॲन्व्हिल आणि हार्डहॅट जी टेस्टची खाती देतात त्यांच्या चाव्या, म्हणजे पैसे काढायचे गुप्त आकडे, सगळ्या जगाला माहीत आहेत, तो परवलीचा वाक्यांश म्हणजे टेस्ट हा शब्द 11 वेळा आणि शेवटी जंक. त्या पत्त्यावर कोणी चुकून खरे पैसे पाठवले की क्षणात उचलले जातात, तिथे लोकांचे बॉट टपून बसलेले असतात. दुसरं, डिसेंबर 2024 मध्ये सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दोन व्हर्जनमध्ये, 1.95.6 आणि 1.95.7, कोणीतरी चाव्या चोरणारा कोड घुसवला होता. काही तासांत सापडला, पण तेवढ्या वेळात ज्यांनी अपडेट मारलं ते त्यात अडकले ना. म्हणून लॉकफाइल (कुठलं व्हर्जन वापरायचं ते पक्कं करणारी फाइल) ठेवा, आलं अपडेट की मार असं करू नका. तिसरं म्हणजे नोकरीच्या नावाने येणारे मेसेज. अमुक कंपनीतून बोलतोय, ही छोटी टेस्ट आहे, हा रेपो (कोडचा फोल्डर) उतरवून चालवून बघ. चालवलं की वॉलेट साफ. 2023 च्या शेवटी सुरक्षा संशोधकांनी हा प्रकार उघड केला, उत्तर कोरियाच्या टोळ्यांचं काम म्हणून, आणि बेकार बसलेली, नोकरीसाठी आतुर झालेली मुलं हेच त्याचं गिऱ्हाईक आहे. अनोळखी कोड नेहमी वेगळ्या मशीनवर नाहीतर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या कप्प्यात, चालवायचा, एवढं जरी शिकवलं तरी खूप.

आता आमच्या गोव्याचं. जरा कुठे जमिनीच्या कागदपत्रांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, सगळं ब्लॉकचेनवर टाका म्हणजे घोटाळे बंद. मला हे पटत नाही आणि या कामातला माणूस म्हणून सांगणं माझं कर्तव्य आहे. बनावट कागद करून जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी सरकारला 2022 मध्ये एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली. असा बनावट कागद जर चेनवर चढवला तर तो तिथे कायमचा, न पुसता येणारा, आणि वर लोक म्हणणार ब्लॉकचेनवर आहे म्हणजे खराच असणार. चेन एवढंच सांगते की नोंद झाल्यानंतर कोणी हात लावलेला नाही. नोंद करताना खरं होतं की खोटं, ते माणसाने बघायचं. आमच्या मानकुराद आंब्याचंही तेच, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला 2023 मध्ये, आनंद आहे, पण पेटीत बाहेरचा आंबा भरून वर क्यूआर कोड चिकटवला तर ती चेन आंबा चाखून बघणार आहे काय? गेल्या वर्षी भाच्याच्या वर्गातल्या एका ग्रुपने हाच प्रोजेक्ट केला होता, कोड नीट होता, पण पेटी कोण भरतो आणि कोण तपासतो यावर एक पान नव्हतं.

उपयोग कुठे होतो तर एकदा तपासून दिलेल्या कागदात नंतर फेरफार झाला का ते कोणालाही स्वतः बघता यावं, तिथे. मार्कशीट, दाखले. शेजारी महाराष्ट्रात गडचिरोलीच्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले अशा पद्धतीने नोंदवायला घेतले. केंद्र सरकारने 4 सप्टेंबर 2024 ला विश्वस्य नावाचं नॅशनल ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी स्टॅक सुरू केलं, एनआयसी या सरकारी आयटी संस्थेच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या डेटा सेंटरमधून चालतं, आणि त्याच्याबरोबर एनबीएफ लाइट म्हणून शिकणाऱ्यांसाठी, स्टार्टअपसाठी सँडबॉक्स (प्रयोग करायची सुरक्षित जागा) दिलाय. माझ्या ओळखीच्या डझनभर इंजिनिअरिंगच्या मुलांना मी विचारलं, एकाने सुद्धा नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांचा काय दोष.

माझं मागणं फार मोठं नाही. आमच्याकडे फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज 1967 पासून आहे, आयआयटी आहे, कुंकळ्ळीला एनआयटी आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, वेर्णा, फातोर्डा, कॉलेजांची कमी नाही. शाळेत सहावी ते आठवीला केअर्स योजनेखाली कोडिंग आलंय, चांगलं झालं. आता या कॉलेजांनी वर्षातून दोन शनिवार पोरांना एकत्र बसवून हे उघडं सॉफ्टवेअर हाताने चालवायला द्यावं, वेगवेगळ्या कॉलेजांच्या पोरांना एकत्र, कारण एका वर्गात असे चारच निघतात आणि ते एकटे पडतात. मी फुकट यायला तयार आहे, माझ्यासारखे घरून काम करणारे आणखी आहेत, सगळे येतील. सरकारी खात्यांनी असलं काही काम काढलं तर निविदेत एक अट घालावी की कोड लोकांना वाचायला उघडा असेल. यात नवीन काही नाही, सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं केंद्राचं धोरण 2015 पासून आहे. आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती, फसवणुकीच्या बातमीच्या शेजारी कधीतरी चार ओळी याच्याही छापा, मराठीत. आमच्या पेडणे, डिचोली, सत्तरीतली कितीतरी मुलं शाळेत मराठीतून वाचत आलेली असतात, हुशार असतात, आणि पहिलं पान इंग्रजीत उघडलं की गप्प होतात. इथेरियमच्या साइटचं मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलंय, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, म्हणजे होऊ शकतं, करणारे हात कमी आहेत.

भाच्याचं सांगायचं राहिलं. सर्टिफिकेटची फ्रेम त्याने स्वतःच काढून ठेवली. मागच्या महिन्यात एका टूलचं डॉक्युमेंटेशन वाचताना त्याला उदाहरणातली एक चूक सापडली, कमांडमध्ये एक ऑप्शन जुना राहिलेला, त्याने दुरुस्त करून पाठवली. तिकडून कोणीतरी लिहिलं, धन्यवाद, एक टेस्ट पण जोडशील का. गेले तीन दिवस तो त्या टेस्टच्या मागे लागलाय, आणि बहीण रात्री फोन करून मला विचारते, काय रे, झालं काय त्याचं?

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर डेव्हलपर वाचक,
फोंडा, गोवा